मधला माणूस नको

६ फेब्रुवारी

बारक्या,

आधीच सांगते, हे पत्र मी लिहितेय आणि हे समोरच्या खुर्चीत बसून 'काय लिहितेस, काय लिहितेस' करताहेत. तुझं उत्तरही नेहमीप्रमाणे तेच फोडणार आणि तेच मोठ्याने वाचणार. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न फोडता पोचवली, आता म्हातारपणी घरी आलेलं तरी फोडू दे, असं त्यांचं म्हणणं. तुला फोन करते म्हटलं तर म्हणतात, फोन काय कुणीही करतं. पोस्टमनशी लग्न केलं, भोगतेय.

विषय असा की आम्ही घर बघतोय. म्हणजे मी बघतेय. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही. जन्मभर लोकांचे जिने चढलेला हा माणूस दोन वर्षांत स्वतःचा जिना उतरलेला नाही. पाच पायऱ्या झाल्या की छाती भरते, मग कठड्याला धरून परत वर. म्हणून आता तळमजलाच घ्यायचा, दोन खोल्या असल्या तरी चालतील, पण दारात एकही पायरी नको. हे घर विकून आणि ह्यांच्या निवृत्तीचं जे आहे त्यातून तेवढं जमेल.

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई येतात. घरांच्या एजंट. त्यांच्या काचा मीच घासते, उणे नऊ नंबर. त्यांनी मला दोन घरं दाखवली. घरं वाईट नव्हती, पण बाईंचं वागणं मला झेपत नाही रे. कुणाच्याही घरात शिरल्या की आधी सगळे नळ सोडतात. मग 'इथे कोण झोपतं, तिथे कोण झोपतं?' बंद दार दिसलं की उघडायला लावतात. एका ठिकाणी तर शेजारच्यांची बेल दाबून विचारलं, 'ह्या लोकांचं आपसात पटतं का हो?' घरमालकीण मागे उभी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ह्याचे वर दोन टक्के घेणार.

तर तू सांग, एजंट करावा की आपलं आपण बघावं? तू त्या बांधकाम कंपनीच्या ऑफिसात अकरा वर्षं आहेस, नकाशांच्या टेबलावर का असेना, कानावर काहीतरी येत असेलच. माझं म्हणशील तर दलाल म्हटलं की मला बाबा दिसतात. दलालाला पैसे देऊन घेतलेल्या घराच्या दारात भर दुपारी आपली सामानाची गाडी उभी, आणि आत दुसऱ्याच कुटुंबाची जेवणं चाललेली. तू ट्रंकेवर बसून विचारत होतास, 'ताई, आपलं घर कुठलं?' त्यानंतर आपल्याकडे कुणाला शिवी द्यायची तर बाबा एवढंच म्हणायचे, दलाल आहे लेकाचा.

हे म्हणताहेत, पुरे, पाकिटात मावणार नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार, आणि वाकलोच आहे तर भावोजींनाही, कारण हे वाक्य तेच वाचताहेत. भावोजी, जरा पाणी पिऊन पुढे वाचा, पत्र दोन पानी आहे.

घर घेताय हे फार चांगलं झालं. एजंटाचं काय सांगू? सगळे सारखे नसतात असं ऐकून आहे. आमच्या टेबलावर नुसते नकाशे येतात, माणसं येत नाहीत, त्यामुळे खात्रीने बोलणारा मी कोण. त्या बाईंचं नळ सोडणं, दारं उघडणं, असेल त्यांच्या कामाची पद्धत. पण तुला जर त्यांच्याबरोबर चारचौघांत मान खाली घालावी लागत असेल तर मन मारून त्यांना धरून ठेवायचं काही कारण नाही. तुला माणसं कळतात. घर आवडलं, माणूस बरा वाटला, तर मध्ये कुणी हवंच असं नाही.

बाबांची आठवण काढलीस. त्यांच्या तोंडची ती शिवी मला अजून ऐकू येते. कधी कधी ऑफिसातसुद्धा.

बाकी इकडे सगळं ठीक. कंबर धरली आहे, फिरून फिरून. म्हणजे बसून बसून. टेबलाचं काम.

बारक्या


२ मार्च

बारक्या,

हे दुकानातून लिहितेय. ह्याचं उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

ह्यांचं बरं नाही. घरच्या पत्रात मी थट्टा करते कारण ते वाचतात. मागच्या आठवड्यात डॉक्टरांना वर बोलावलं होतं. जाताना ते जिन्यात थांबले आणि मला म्हणाले, हृदय फार थकलंय. वर्ष म्हणावं की नाही, मला सांगता येणार नाही. वर येऊन मी ह्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले हवापालट करा. तेव्हापासून घराचं जास्तच मनावर घेतलंय. त्यांचं एकच मागणं आहे, रस्त्याच्या उंचीवर एक खिडकी हवी. 'शेवटी शेवटी माणसांचे पाय तरी दिसू देत,' म्हणाले. नुसत्या कबुतरांकडे बघून दोन वर्षं काढली आहेत त्यांनी.

आणि घर मिळालंय! दुकानासमोरच्या वाण्याच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता. 'घर विकणे आहे. मधला माणूस नको.' अक्षर इतकं सुंदर की मी अक्षरासाठीच गेले. मालक निवृत्त चित्रकलेचे मास्तर. एकटे राहतात. तळमजला, दारात पायरी नाही, आणि पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी, अगदी ह्यांच्या खुर्चीच्या उंचीची. मास्तरांनी चहा दिला, त्यांची जुनी चित्रं दाखवली. 'तुमच्यासारखी माणसं येणार म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला,' असं म्हणाले. सगळं घर दाखवलं. मागची एक खोली तेवढी बंद होती. जुनं सामान आहे, किल्ली बहिणीकडे आहे, म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर कुलूप काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी काय ती एजंट बाई आहे?

बाईंना मी नको म्हणून सांगितलं. तू लिहिलं होतंस तसंच झालं बघ, माणूस बरा वाटला, मग मध्ये कुणी कशाला. तुझ्या त्या वाक्याने मला धीर आला. बाई एवढंच म्हणाल्या, 'बघा हं.'

वीस तारखेला बयाणा द्यायचा आहे. बराच मोठा मागताहेत, पण त्यांना मुलाला पाठवायचे आहेत. बारक्या, तुला ह्यात काही खटकतंय का? खटकत असेल तर स्पष्ट सांग. तू म्हणशील तसं करीन. माझ्याजवळ दुसरं विचारायला कुणी नाही.

ताई


१२ मार्च

ताई,

भावोजींचं तू एकटी उरात घेऊन बसली आहेस आणि मी इथे तुझ्या थट्टा वाचून हसत होतो.

घराचं वर्णन छान आहे. खटकतंय का म्हणतेस, तर तसं खटकण्यासारखं काही नाही. जमलं तर ती मागची खोली एकदा उघडून बघ. सामान असेल तर हलवायला किती दिवस लागतील ते कळेल, म्हणून म्हणतो. मास्तरांना वाईट वाटणार असेल तर आग्रह धरू नकोस. कागद वकिलाला दाखवलेस तर उत्तम. पण तुझं मन सांगत असेल तर माझ्या सांगण्यावर काय आहे? भावोजींना खिडकी लवकर मिळावी हे महत्त्वाचं.

मला तुला आणखी लिहायचं होतं. लिहिलेलं एक पान फाडलं. पुन्हा कधीतरी.

बारक्या


२५ मार्च

बारक्या,

झालं! बयाणा दिला, कागदावर सह्या झाल्या, जूनच्या एक तारखेला किल्ली. इकडे घरात नुसती धामधूम आहे, आणि ती सगळी एका खुर्चीतून चालली आहे. ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे नव्या घराचा नकाशा काढलाय. पलंग कुठे, कपाट कुठे, माझं शिवणयंत्र कुठे. मला रोज टेप देऊन मास्तरांकडे पिटाळतात. काल खिडकीची मापं आणली तर म्हणाले, खिडकीच्या कट्ट्याची रुंदी कुठे आहे? चहाचा कप राहील की नाही?

वकिलाला दाखवायचं राहिलं. त्यांची तारीख दोन आठवड्यांनंतरची होती, आणि मास्तर म्हणाले दुसरं एक गिऱ्हाईक आहे. मागच्या खोलीचं मी विचारलं रे तुझ्यासाठी. म्हणाले, बहीण गावाला गेली आहे, आली की काढू कुलूप. मी म्हटलं असू दे.

खाली हे स्वतः लिहिताहेत, माझ्या हातातून पेन ओढून घेतलंय.

मेव्हणेबुवा,
तुमच्या ताईने घर शोधलं, आम्ही फक्त राहायला जाणार. नव्या घराला पत्रांची पेटी लावायची नाही असं ठरवलं आहे. मी नवखा असताना आमचे मोठे पोस्टमन सांगायचे, घरात माणूस असेल तर पत्र टाकायचं नाही, द्यायचं. आता आमच्याकडे माणूस चोवीस तास असणार. खिडकीतून हात बाहेर काढला की पत्र हातात पडलं पाहिजे. तेव्हा जूनपासून जरा लवकर लवकर लिहा. आळस फार करता.

असं आहे सगळं. माझा आनंद पत्रात मावत नाहीये, खरंच.

ताई


३० एप्रिल
दुकानातून

बारक्या,

बसली असशील तिथे बस, असं बायकांना सांगतात, तसं तुला सांगते. घर गेलं.

गेल्या मंगळवारी ह्यांच्या खुर्चीची रुंदी दाराशी ताडून बघायला गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पलंगावर एक म्हातारी बाई बसली होती, पिशवीतून कपडे काढून घड्या घालत होती. शेजारी कुबडी.

मला म्हणाली, "कोण पाहिजे?"

मी म्हटलं, "मी... हे घर आम्ही घेतलंय."

"कुठलं घर?"

"हेच."

तिने हातातला परकर खाली ठेवला. म्हणाली, "हे घर कसं घ्याल? माझी सही कुठाय?"

मास्तरांची बहीण. मांडीचं हाड मोडून तीन महिने दवाखान्यात आणि मग लेकीकडे होती. गावाला वगैरे काही नाही. आईने मरताना लिहून ठेवलंय, रीतसर नोंदवलेलं, की ही असेपर्यंत ती खोली हिची आणि हिच्या सहीशिवाय घर विकायचं नाही. मास्तर दारात वर्गाबाहेर उभं केल्यासारखे उभे होते. "सांगणारच होतो मी तिला. धीरच झाला नाही," म्हणाले. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. भावाकडे बघतसुद्धा नव्हती. मलाच म्हणाली, "बाई, मी पंच्याहत्तरीची. ह्या पलंगावरून मला कुठे नेणार होता?" तिचंही बरोबर, आणि माझाही माणूस चौथ्या मजल्यावर. मला चक्कर आली तर तिनेच कुबडी टेकत जाऊन मला पाणी आणून दिलं.

पैसे मुलाकडे गेले. दोनेक वर्षांत फेडतो म्हणाले, रडले, माझे पाय धरायला वाकले. वकील म्हणतात खटला करा, चार-पाच वर्षांत निकाल लागेल. आमच्याजवळ चार-पाच महिने नाहीत.

मग मी ती एजंट बाई गाठली. लाज गुंडाळून ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मी आधी ते कुलूप काढायला लावलं असतं. त्यांना राग आला असता, तुम्हाला लाज वाटली असती. अहो, लोक आम्हाला पैसे देतात ते वाईट दिसण्याचेच. तुम्हाला चहा पिता यावा म्हणून आम्ही दारं उघडतो. आमच्यातल्या कालच्या पोरालासुद्धा बंद खोली म्हटली की कळतं." त्यांनी दाखवलेली दोन्ही घरं विकली गेली आहेत. आता नव्याने घ्यायला आमच्याकडे तेवढे उरलेही नाहीत.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. रोज विचारतात, किती दिवस राहिले? मी मोजून सांगते.

ताई


८ मे

ताई,

हे पत्र मी तुला दहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

मी एजंट आहे. दलाल. नकाशांचं टेबल पहिल्या सात महिन्यांतच गेलं, कंपनी बुडाली. घरभाडं थकलं होतं, एका ओळखीच्याने म्हटलं, चार घरं दाखव, कमिशन मिळेल. दाखवली. जमलं. मग तेच करत राहिलो. तुला सांगणारच होतो. पण दर वेळी पेन उचललं की बाबा दिसायचे, आणि ती सामानाची गाडी. मी लहानपणी ट्रंकेवर बसून बघितला तो माणूस आज मी आहे, हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मूग गिळून बसलो. मास्तर म्हणाले ना, सांगणारच होतो, धीर झाला नाही. तुझ्या पत्रात ते वाक्य वाचलं आणि पत्र हातातून खाली ठेवलं.

ऐक. तुझ्या मार्चच्या पत्रात 'मागची एक खोली तेवढी बंद होती' हे वाक्य आलं तेव्हाच मला कळलं होतं. शंका नाही, कळलंच होतं. बंद खोली, किल्ली दुसऱ्याकडे, ते दुसरं माणूस घरचंच, पैशाची घाई, आणि 'मधला माणूस नको'. ह्यातली दोन जरी दिसली तरी मी परक्या गिऱ्हाईकाला हाताला धरून बाहेर काढतो. इतक्या वर्षांत मी किती लोकांच्या घरात 'इथे कोण झोपतं' विचारलंय. अनोळखी लोकांसाठी विचारलंय. तुला बारा मार्चला मी आधी जे पान लिहिलं होतं त्यात सगळं होतं. एक पैसा देऊ नकोस, त्या बाईंना आजच्या आज परत बोलाव, त्यांची पद्धत बरोबर आहे, मी रोज तेच करतो. मग वाटलं, तू विचारशील, तुला हे कसं माहीत? आणि ते पान मी फाडलं. त्याच्या जागी लिहिलं, आग्रह धरू नकोस.

मी येतो. जे थोडंफार साठवलंय ते घेऊन येतो, मास्तरांना गाठतो, भाड्याने का होईना तळमजला शोधतो. मी ते काम चांगलं करतो ताई. फक्त हो म्हण.

तुझा बारक्या


१९ मे
दुकानातून

बारक्या,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा काच घासायच्या यंत्रावर हात घसरला. एका गिऱ्हाईकाची काच फुकट गेली.

मी तुला दोनदा विचारलं. सरळ विचारलं. दुसऱ्यांदा लिहिलं होतं, माझ्याजवळ दुसरं विचारायला कुणी नाही. तू एजंट आहेस हे कळलं असतं तर मी काय केलं असतं? तुला घालूनपाडून बोलले असते. बाबांचं नाव घेऊन रडले असते. आठवडाभर पत्र टाकलं नसतं. आणि आठव्या दिवशी तुझं ऐकलं असतं रे. त्या एका आठवड्याला तू घाबरलास. मला तुझा इतका राग आलाय की मला तो कुठे ठेवावा कळत नाही, कारण घरी नेता येत नाही.

येऊ नकोस. भाड्याच्या घराचंही काही बघू नकोस. परवा डॉक्टर पुन्हा येऊन गेले. आता ह्यांना खुर्चीतून पलंगावर न्यायला दोन माणसं लागतात. जिना उतरवला तर वाटेतच काही होईल, म्हणाले. आठवडा, फार तर दोन. म्हणजे आता कुठलंही घर मिळालं तरी उपयोग नाही. तुला बघितलं तर ते ओळखतील. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, लहानपणापासून. खोटं तुला कागदावरच जमतं.

म्हणून हे काम कागदावरचंच सांगते. ते अजून दिवस मोजताहेत. नकाशाचं कॅलेंडर उशाशी आहे. काल म्हणाले, आपण तिथे पोचणार नाही बहुतेक. मी म्हटलं, काहीतरीच बोलता. तर म्हणाले, मग बारक्याला विचार, घर खरंच तसं आहे का? तो नकाशांच्या टेबलावर असतो, त्याला कळेल. मला वाटतं त्यांना कुठेतरी संशय आलाय. माझ्या तोंडून त्यांना आता काही खरं वाटत नाही.

तर तू त्यांना पत्र लिही. घरच्या पत्त्यावर. आता मी वाचून दाखवीन. सगळी मापं सोबत पाठवतेय. तू गिऱ्हाईकाला घर दाखवतोस ना, गोड बोलून, खोलीखोलीतून फिरवून? तसं त्यांना ते घर दाखव. तू एजंट आहेस हे सांगितलंस तरी चालेल. त्यांना हसू येईल. निदान पत्रात एक गोष्ट तरी खरी असेल.

लवकर लिही. पाकिटावर नीट पत्ता घाल.

ताई


२४ मे

भावोजी,

साष्टांग नमस्कार. आज पहिल्यांदा पत्र सरळ तुमच्या नावाने लिहितोय. वाचायला ताई बसली असेल, तिला म्हणा, घाई करू नको.

आधी एक कबुली. मी नकाशांच्या टेबलावर नाही. मी घरांचा एजंट आहे, दहा वर्षं. सासऱ्यांची शिवी तुम्हाला माहीत आहे, तेव्हा हसून घ्या. पण माझा फायदा असा की घर बघण्यात मला कुणी फसवू शकत नाही. ताईने मला सगळं कळवलंय, मापांसकट. मी ते घर माझ्या पद्धतीने तपासलंय. चला, तुम्हाला दाखवतो. खुर्ची मी ढकलतो, तुम्ही नुसते बसा.

हा रस्ता. डाव्या हाताला वाण्याचं दुकान, समोर ताईचं चष्म्याचं. हे दार. पायरी नाही. उंबरासुद्धा नाही, फरशी रस्त्यापासून सरळ आत गेली आहे. दार साडेतीन फूट, तुमची खुर्ची सव्वादोन. दोन्ही बाजूंना जागा उरते, हात आत घ्यायची गरज नाही.

आत आलो. आता जरा वाईट दिसतो, माझ्या धंद्यात दिसावं लागतं. मी सगळे नळ सोडतोय. स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला. पाणी स्वच्छ आहे, जोर चांगला आहे. भिंतींना ओल नाही, हात लावून बघितलं. शेजारच्यांची बेल दाबून विचारलं, माणसं कशी आहेत? चांगली आहेत म्हणाले.

ही तुमच्या नकाशातली पलंगाची जागा. पलंग बसतो, शेजारी ताईचं शिवणयंत्र बसतं, आणि मध्ये फिरायला वाट राहते. कपाटाचं तुमचं माप दोन बोटं चुकलं होतं, ते भिंतीकडे सरकवलंय.

आता मागची खोली. ताईने ती बघितली नव्हती, तिला संकोच वाटला. मी कुलूप काढायला लावलं. उभा राहून काढायला लावलं. आत कुणी राहत नाही. कुणाचा पलंग नाही, कुणाची पिशवी नाही, कुणाचा हक्क नाही. रिकामी खोली आहे भावोजी, उजेडाची. मी तिथे मुद्दाम बराच वेळ उभा राहिलो. सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. घर तुमचंच आहे.

आणि ही खिडकी. जमिनीपासून अडीच फूट, तुम्ही बसलात की तुमच्या छातीशी येते. कट्टा नऊ इंच रुंद. चहाचा कप राहतो, बशीसकट. बाहेर माणसं चालली आहेत. पाय तरी दिसू देत म्हणाला होतात, नुसते पाय नाही, अख्खी माणसं दिसतात, चेहऱ्यांसकट. मुलं शाळेत चालली आहेत. एक बाई चष्मा पुसत उभी आहे. कुणी ना कुणी सारखं जातंय.

पत्रांची पेटी लावलेली नाही. तुमच्या भागाच्या पोस्टमनला मी सांगून ठेवलंय की इथे माणूस घरात असतो, टाकायचं नाही, द्यायचं. तो वळणावर आलाय बघा. त्याच्या पिशवीत हेच पत्र आहे. ताईला म्हणा, खिडकी उघड. हात बाहेर काढा.

तुमचा
बारक्या